बाय, पेशंट आधी खाली जमिनीवर घे

बाय,

तू आपल्या गोव्यात १०८ च्या अॅम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे पेशंटवर पहिले उपचार करणारी, म्हणून लागलीस हे कळलं, खूप बरं वाटलं. ट्रेनिंगमध्ये सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि श्वास देणं, तुमच्याकडून घोटून घेतलाय, मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे पण ६ च्या वर नको, ३० दाबांना २ श्वास, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. ते मी परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते तू ज्या खोलीत शिरणार आहेस त्या खोलीबद्दल, कारण ट्रेनिंगच्या पुतळ्याशेजारी कोणी रडत नसतं आणि कोणी तुझा हात धरून ओढत नसतं.

पहिलं म्हणजे कॉल "हार्ट बंद पडलंय" असा येतच नाही सहसा. येतो "चक्कर येऊन पडले", "फिट आली", "बोलत नाहीत". हृदय थांबलं की मेंदूचं रक्त तुटतं आणि सुरुवातीला थोडा वेळ झटके येऊ शकतात, घरच्यांना ती फिटच वाटते, मग कोणी कांदा हुंगवतंय, कोणी चप्पल नाकाला लावतंय, कोणी तोंडात पाणी ओततंय. तू कोणावर ओरडू नकोस, त्यांच्या परीने ते माणूस वाचवायलाच बघतायत. पण सगळ्यात फसवी असते ती घरघर. माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडतो, मग बराच वेळ काहीच नाही, परत एकदा उघडतो, आणि घरचे तुला ठासून सांगतात "स्वास चालू आसा, स्वास चालू आसा". तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही आणि १० सेकंदांत मानेची नाडी खात्रीने लागली नाही, तर अरेस्ट, म्हणजे हृदय बंद पडलं, असं समजायचं आणि हात छातीवर ठेवायचे. तिथे ऑक्सिमीटर लावून आकडा यायची वाट बघत बसू नकोस.

आता जमीन. पेशंट बहुतेक कॉटवर असतो, खाली कापसाची गादी, तू दाबतेस तेव्हा गादीच दबते आणि छाती तिथल्या तिथे. खाली घे. खोलीत कपाट, शिलाई मशीन, देव्हारा असं सगळं दाटीवाटीने असेल तर चादरीसकट ओढून हॉलमध्ये घे, बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर घे, पण तुला दोन्ही बाजूंनी गुडघे टेकायला जागा पाहिजे. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि त्यावर पुढचं सगळं उभं असतं.

आणि मग सुरू होतं, "बेगीन व्हरात, हांगा कितें करतात!", लवकर न्या, इथे काय करताय! माझ्या मते आपल्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, मशीन नाही, औषध नाही, नेण्याची घाई. घरच्यांना वाटतं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत, पोचलं की झालं. पण सीपीआर आणि शॉकशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, आणि सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून किंवा काणकोणातून करमळ घाट उतरून किती मिनिटं लागतात ते तूच बघ. दिवाडीसारख्या बेटावर तर मध्ये फेरीबोट. धावत्या गाडीत वळणावर तू स्वतःला सावरशील की छाती दाबशील? दाब उथळ पडतात, मध्ये मध्ये तुटतात, तू पडलीस तर दोन पेशंट. हृदय नुसतं थरथरत असेल तर त्याला लागणारा शॉक तुझ्या एईडीमध्ये, शॉक देणाऱ्या मशीनमध्ये आहे, हॉस्पिटलातही पहिला तोच देतात. म्हणून पॅड आधी लाव, सीपीआर जागेवरच नीट चालू कर, कंट्रोल रूमच्या डॉक्टरांना फोन लाव आणि हलवायचं कधी ते त्यांच्याशी बोलून प्रोटोकॉलप्रमाणे ठरव. मशीन "शॉक नको" म्हणालं तरी दाब थांबवायचे नाहीत.

घरच्यांना लांब समजावत बसायला वेळ नसतो, एकच वाक्य ठरवून ठेव. मी म्हणायचो, "गोमेकॉत नेल्यावर जे पहिलं करतील तेच इथे चाललंय, मी हात काढला तर मेंदूचं रक्त थांबेल." आणि लगेच कामं वाटून दे. एकाने गेट उघडून वाटेतल्या स्कूटर काढाव्या, एकाने कुत्रा बांधावा, एकाने गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाइल आणावी. हाताला काम मिळालं की माणूस जरा शांत होतो. तू मुलगी आहेस म्हणून काही जण तुझ्याशी न बोलता पायलटला, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरला विचारतील, हे होणार, त्याचा मला राग येतो पण ती भांडायची वेळ नव्हे. पायलटशी आधीच बोलून ठेव की असं कोणी विचारलं तर त्याने "मॅडमना विचारा" म्हणायचं.

माणसं कमी, हे तर कायमचंच. तू आणि पायलट, दोघंच. दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा, दमलेल्या माणसाला स्वतःचे दाब उथळ झालेले कळत नाहीत. शेजारचा एखादा धट्टाकट्टा पोरगा बघ, त्याचे हात जागेवर ठेवून दे, मोजत राहा. श्वास द्यायची बॅग हळू दाब, छाती उचलली की पुरे. घाबरून भराभर हवा भरली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, हवा पोटात जाते आणि उलटी वर येते.

पावसात आणि आपल्या घामाच्या हवेत छाती ओली असते, पुसल्याशिवाय आणि दाट केस काढल्याशिवाय पॅड चिकटत नाही, म्हणून किटमध्ये कोरडा टॉवेल आणि रेझर आहे ना ते शिफ्टच्या सुरुवातीलाच बघायचं. बीचवर बुडालेला असेल तर आधी श्वास दे, तिथे मूळ घोटाळा ऑक्सिजनचा आहे, पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नको. दृष्टी कंपनीच्या लाइफगार्डनी सुरू केलेलं असेल तर त्यांना बाजूला ढकलू नको, कधी काढला, कधी सुरू केलं, किती शॉक दिले ते विचार आणि त्यांनाच दाबत राहू दे, तू बॅग सांभाळ.

नाडी परत आली तर तिथे सैल पडायचं नाही, ती परत जाऊ शकते. बोट मानेवर ठेव, पॅड काढू नको, बीपी बघ, ईसीजी घे आणि पुढे फोन करून ठेव.

बहुतेक वेळा येत नाही, बाय. सगळं नीट करूनसुद्धा येत नाही. मृत्यू जाहीर करणं डॉक्टरचं काम, पण म्हणून घरच्यांना "ठीक होतील" असं खोटं सांगू नको, "हृदय थांबलंय, आम्ही प्रयत्न करतोय" एवढंच सांग. नंतर गाडी धुताना पायलटशी बोल, त्यानेही छाती दाबलेली असते. जेवण चुकवू नको, आणि रात्री झोप आली नाही तर मला फोन कर, कधीही कर.

आणि तू पोचायच्या आधी कोणी शेजाऱ्याने, सुनेने छाती दाबायला सुरुवात केलेली असेल तर निघताना दोन सेकंद त्यांच्याकडे बघून सांग की तुम्ही बरोबर केलंत. पेशंट गेला तर आपल्याच हाताने बरगडी मोडली आणि म्हणून गेला असं त्यांना वाटत राहतं. बरगड्या नीट दाबतानाही मोडतात, हे त्यांना तुझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.