स्पोर्ट्स सायन्सला जाण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर स्पोर्ट्स सायन्सला जायचं तू पक्कं केलंस, हे आईकडून कळलं. फार बरं वाटलं. एक गोंधळ मात्र आधीच निस्तर. बी.पी.एड. केलं की शाळेत शारीरिक शिक्षण शिकवता येतं, फिजिओथेरपी केली की दुखापतीवर उपचार करता येतात. तुझी पदवी उपचारांचा परवाना देत नाही, हे घरीही नीट सांग. खेळाडूचं शरीर श्रम कसे झेलतं ते मोजायचं आणि प्रशिक्षकाला त्याचा अर्थ सांगायचा, हे तुझं काम.

या मोजण्यातच सगळी मेख आहे. जोराचे श्रम करताना स्नायूंत लॅक्टेट नावाचं द्रव्य तयार होतं. रक्तातलं हे लॅक्टेट तपासताना कानाच्या पाळीला सुई टोचतात. पळून आलेला खेळाडू घामाने निथळत असतो. पाळी पुसून कोरडी केली नाही, पहिला थेंब टिपून टाकला नाही, तर घामातलं लॅक्टेट रक्तात मिसळतं आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. त्याच आकड्यावरून प्रशिक्षक पुढच्या सरावाचा वेग ठरवणार असतो! म्हणून असल्या बारीक कामाचा कंटाळा करू नकोस. आणि स्टॅटिस्टिक्स ऑप्शनला टाकू नकोस. आठशे मीटरची वेळ अर्ध्या सेकंदाने सुधारली, तर ती तयारी की रोजचा चढउतार, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

‘लॅक्टिक ॲसिड साचलंय म्हणून पाय दुखतायत’ हे मैदानावर अजून ऐकशील. ते ॲसिड म्हणजे हेच लॅक्टेट, आणि ते तास-दीड तासात ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक स्नायूंना झालेल्या बारीक इजेशी जोडलेली असते. हे जरूर सांग, पण वस्तादांना चारचौघांत तोंडावर पाडू नकोस. पठ्ठ्याचा दम कुठे तुटतो हे त्यांच्या नजरेला फार लवकर कळतं. त्यांच्याशेजारी बसून ते शिकून घे.

तालमींत तर जाच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम कुस्तीच्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि बाद झाली. आदल्या दिवशी वजन बसलं होतं. मग तीन कुस्त्या, त्यासाठीचं खाणंपिणं आणि रात्रभर घाम गाळणं. स्पर्धेआधी पाणी तोडणारी पोरं आपल्याकडेही आहेत. वजनाच्या दोन टक्क्यांइतकं पाणी घटलं तरी दमसासावर परिणाम दिसू लागतो. वजन आठवडे आधीपासून कसं उतरवायचं हे त्यांना पटेल असं सांगणारं माणूस तालमीत हवंय, आणि ते तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजांचं म्हणशील, तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ ची, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. नावं मोठी आहेत, तरी प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघ. मास्क लावून ट्रेडमिलवर ऑक्सिजन मोजायचं यंत्र चालू आहे की कापडाखाली झाकलंय? विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का? हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, ऑफिसात नको.

निकाल लागला की फोन कर. बघायला जायचा दिवस ठरव, मीही येतो.

तुझे सर