मोटरहोमने रॉकी पर्वत ओलांडताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सप्टेंबरमध्ये डेन्व्हरला मुलीकडे जाणार असून तेथून मोटरहोम (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन लास व्हेगासपर्यंत जाण्याचा विचार आहे. वाटेत कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आय-७० आणि आय-१५ या महामार्गांनी हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर भरते, ते किमान पाच दिवसांत विभागावे, असे माझे मत आहे. डेन्व्हर सोडताच चढ लागतो आणि आयझेनहावर बोगद्यापाशी रस्ता जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर पोहोचतो. विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद घटते. मात्र खरी परीक्षा उताराची असते, कारण एवढ्या वजनाची गाडी सतत ब्रेक दाबून आवरू गेल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. पुढे कोलोरॅडो नदीची दरी संपून युटाचे लालसर पठार सुरू होते. तेथे ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे १७० किलोमीटरच्या पट्ट्यात एकही पेट्रोल पंप नाही, तेव्हा ग्रीन रिव्हरलाच टाकी पूर्ण भरावी. मोआबजवळचे आर्चेस राष्ट्रीय उद्यान वाट वाकडी करून पाहावे असेच आहे.

गाडीतील सांडपाण्याच्या टाक्या डम्प स्टेशनवर, म्हणजे त्यासाठीच राखलेल्या ठिकाणी, किंवा सांडपाण्याची जोडणी असलेल्या तळावरच रिकाम्या कराव्या लागतात. हे काम पतीनेच करावे असा काही दंडक नाही. दोघांनीही ते गाडी ताब्यात घेतानाच शिकून घ्यावे.