वाचकांचे प्रश्न : टेकडी उलटी का छापली गेली?

प्रश्न : माझा पुतण्या कर्णबधिर असून लाकडावर कोरून छापचित्रे करतो. जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्या पाहून आल्यावर त्याने केलेल्या छापांचे प्रदर्शन आम्ही नाशिकमध्ये मांडत आहोत. परिचयात त्याला ‘नि:शब्द वाळवंटाचा चित्रकार’ म्हणावे, असे नातेवाइकांचे मत आहे. त्याला मात्र ते पटत नाही. शिवाय त्याच्या पहिल्या छापात टेकडीचा उभा उतार भलत्याच बाजूला आला आहे. काय करावे? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आधी उताराविषयी, कारण चित्रकाराची खरी अडचण तीच आहे. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब व सौम्य असते, तर आडोशाची बाजू वाळू घसरत राहिल्याने सुमारे ३४ अंशांपर्यंत उभी होते. कोरलेला ठोकळा कागदावर उलटा उमटत असल्यामुळे, जागेवरचे रेखाटन जसेच्या तसे फळीवर उतरवले, की छापात वाराच उलट दिशेने वाहू लागतो. म्हणून रेखाटन ट्रेसिंग कागदावर घ्यावे आणि तो कागद पालथा घालून, खाली कार्बन ठेवून फळीवर गिरवावे. वाळूवरच्या लाटा वाऱ्याला आडव्या पडतात. त्यांच्या बारीक रेषा लाकडाच्या तंतूंना छेदून कोरल्या, तर कडांचे टवके उडतात. तेव्हा वखारीतून फळी निवडतानाच तिच्या तंतूंची दिशा लाटांशी जुळवून घ्यावी, म्हणजे लाकडाचा पोतही वाळूच्या कामी येईल. शाईचा थर पातळच हवा, नाहीतर कोरलेल्या खाचा बुजतात.

आता परिचयाविषयी. पुतण्याचे म्हणणेच बरोबर आहे, आणि ते मी आग्रहाने सांगतो. ऐकू न येणे म्हणजे शांतता, ही ऐकणाऱ्यांची कल्पना आहे. ती त्याच्या चित्रावर लादली, की प्रेक्षक उतार, वारा, रेषा यांपैकी काहीच न पाहता त्याच्या कानांकडे पाहत राहतात. चित्रकार व शिल्पकार सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती बालपणीच गेली होती, तरी त्यांची जळक्या लाकडातील शिल्पे आपण लाकूड आणि आकार म्हणूनच पाहतो. पटाशी गाठीवर अडली, की तिचा हादरा मुठीत जाणवतो. तो प्रत्येक कोरणाऱ्याला जाणवतो, त्यात कर्णबधिरत्वाचे काही विशेष नाही. परिचयात लाकूड कोणते, छाप किती, टेकड्या कुठल्या, एवढे लिहावे. कर्णबधिर असल्याचा उल्लेख करायचा की नाही, हे पुतण्याला ठरवू द्यावे. उद्घाटनाला मात्र सांकेतिक भाषेचा दुभाषी अवश्य बोलवावा, म्हणजे प्रेक्षकांच्या प्रश्नांना त्याच्या वतीने काका उत्तरे देत बसणार नाहीत.