कुत्रीच्या सडाजवळ गाठ आली आहे, वय नऊ वर्षं. ऑपरेशन करावं की राहू द्यावं?

काढून घ्या. पण काढण्याआधी छातीचे एक्स-रे करा, आणि काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका, तपासायला पाठवा. माझं उत्तर एवढंच. घरच्यांना समजावताना उपयोगी पडावं म्हणून पुढचं सविस्तर लिहितेय.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: नऊ वर्षांची लॅब्राडोर, नसबंदी झालेली नाही, सगळ्यांत मागच्या सडाजवळ गाठ. आधी वाटाण्याएवढी होती, काही महिन्यांत सुपारीएवढी झाली. खाणंपिणं, फिरणं व्यवस्थित. डॉक्टर काढा म्हणतात. घरचे म्हणतात वय झालंय, आणि चाकू लागला की कॅन्सर पसरतो. शेवटी विचारलंय की घरातल्या मांजरीलाही हे होतं का. मी प्राण्यांच्या शस्त्रक्रिया करते, आणि या गाठी माझ्या टेबलावर सतत येतात.

'चाकू लागला की पसरतो' हे वाक्य लोकांनी हवेतून काढलेलं नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं: गाठ काढली आणि दोन-तीन महिन्यांत तिथेच आणखी मोठी गाठ आली, नाहीतर कुत्रं धापा टाकायला लागलं. दोष मात्र चाकूचा नसतो. पहिल्या प्रकारात गाठ अर्धवट निघालेली असते. कातडीखालच्या काही सार्कोमांभोवती, म्हणजे मऊ ऊतींच्या कॅन्सरच्या गाठींभोवती, छान गुळगुळीत आवरण दिसतं. बोट फिरवलं की गाठ अलगद सुटून हातात येते आणि सगळे खूश होतात. पण ते आवरण दाबल्या गेलेल्या कॅन्सरच्या पेशींचंच असतं, आणि त्याच्या बाहेरही पेशींची मुळं गेलेली असतात. ती मागे राहिली की त्याच जागी पुन्हा वाढतात, आणि दुसऱ्या वेळी कुठवर कापायचं हे ओळखणं अवघड होऊन बसतं, कारण आता सगळीकडे व्रणच असतो. पहिलंच ऑपरेशन नीट व्हायला हवं असं सर्जन लोक म्हणतात ते यासाठी. दुसऱ्या प्रकारात पेशी फुप्फुसात आधीच पोचलेल्या असतात, फक्त कोणी बघितलेलं नसतं.

म्हणून एक्स-रे. तो एक नको, तीन हवेत: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि एक पाठीवर किंवा पोटावर झोपवून. प्राणी ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचं फुप्फुस दबतं, त्यात हवा कमी राहते, आणि तिथला ठिपका फोटोत हरवतो. अगदी बारीक ठिपके तीन फोटोंतही दिसत नाहीत, त्यामुळे स्वच्छ एक्स-रे म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे. पण फुप्फुसात गाठी दिसत असतील तर मोठं ऑपरेशन करून तिला त्रास द्यायचा की नाही, हा प्रश्नच बदलतो. पोटाची सोनोग्राफी जमली तर उत्तम. मागच्या सडांतल्या द्रवाचा निचरा जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे होतो, पुढच्यांचा काखेतल्यांकडे, आणि पसरणाऱ्या पेशी त्याच वाटेने जातात. त्याही हाताने चाचपून पाहायला सांगा.

वयाचं म्हणाल तर भूल देताना मी वाढदिवस बघत नाही. किडनी, लिव्हर, रक्तातल्या पेशी, साखर आणि हृदय बघते. रक्ततपासणी बरी असेल, हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) नसेल, तर नऊ वर्षांची लॅब्राडोर भुलेतून सहसा नीट बाहेर येते. उलट थांबण्याची किंमत मोजावी लागते. कुत्र्यांमध्ये सडांच्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या कॅन्सरच्या निघतात, निम्म्या साध्या. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेल्या की चित्र बिघडत जातं. काही साध्या गाठी कालांतराने घातक होतात असंही दिसतं. तुमची गाठ सुपारीएवढी आहे, म्हणजे अजून वेळ हातात आहे. ती पेरूएवढी होऊन फुटली, त्यातून घाण वास यायला लागला की लोक धावत येतात. तेव्हा कातडी शिवायलाही पुरत नाही.

एका परिस्थितीत मात्र मी लगेच चाकू उचलत नाही. सडांची पूर्ण ओळ लाल, गरम, कडक झालीय, हात लावू देत नाही, मागच्या पायावर सूज आहे, तर तो सडांच्या कॅन्सरचा एक जहाल प्रकार असू शकतो. दिसतो अगदी सड सुजल्यासारखा, म्हणून अँटिबायोटिकवर दिवस जातात. त्यात ऑपरेशनने फायदा होत नाही. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

सुईने तपासणी करावी का? करावी, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. बारीक सुई गाठीत घालायची, पेशी काचेवर पसरायच्या, रंग लावून बघायचं. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम. अंगावरच्या इतर गाठींसाठी ही तपासणी सोन्यासारखी आहे. म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या छातीवर, कुशीत मऊ, सरकणारी गाठ असते, सुईत नुसती चरबी येते. ती त्रास देत नसेल तर आयुष्यभर राहिली तरी चालते. तशीच दिसणारी दुसरी गाठ मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा कॅन्सर, निघते. तिची एक लकब आहे: चोळली, दाबली की फुगते, लाल होते, नि दुसऱ्या दिवशी आपोआप लहान होते, कारण तिच्या पेशींतून सूज आणणारं हिस्टामिन सुटतं. मलम लावल्याने उतरली असं वाटून लोक निर्धास्त होतात. ती काढताना बाजूची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थर सोबत घ्यावा लागतो. आधी माहीत नसेल तर डॉक्टर नुसती गाठ काढून मोकळे होतील. सडाच्या गाठीत मात्र साधी की घातक हे सुईवरून खात्रीने कळत नाही. सडाजवळची गाठ म्हणजे चरबी, मास्ट सेल किंवा नुसती सूज नाही ना, एवढं सुई सांगते. खरा निकाल पूर्ण गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजीवरच, म्हणजे तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच.

ऑपरेशन किती मोठं? कुत्रीला सडांच्या साधारण पाच जोड्या असतात. एकच गाठ असेल तर पूर्ण ओळ काढायलाच हवी असं नाही. गाठ सगळ्या बाजूंनी स्वच्छ कडा ठेवून निघाली पाहिजे, हे महत्त्वाचं. एकाच ओळीत अनेक गाठी असतील तर तो भाग किंवा अख्खी ओळ काढतात. त्याच भुलेत गर्भाशय आणि अंडाशयही काढून घ्या. गाठ परत येण्यावर त्याचा किती परिणाम होतो यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण या वयाच्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होणं नेहमीचंच आणि जिवावर बेतणारं. तसं ठरलं तर पोट आधी, सड नंतर, म्हणजे गाठीतल्या पेशी हत्यारांवरून पोटात जायला नकोत. माजावर असेल तर सहसा तो काळ जाऊ देतात, रक्तस्राव जास्त होतो म्हणून.

आणि मग ती गाठ. डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच विचारा, 'तपासायला पाठवणार ना?' गाठ ज्या द्रवात टिकवून पाठवतात ते फॉर्मेलिन गाठीच्या दसपट तरी हवं, नाहीतर ती आतून सडते आणि पॅथॉलॉजिस्टला काही वाचता येत नाही. अनेक गाठी असतील तर प्रत्येकीची वेगळी बाटली किंवा वेगळी खूण. एक साधी आणि शेजारची घातक, असं होतं. मी कापलेल्या कडांना शाई लावून पाठवते, म्हणजे कॅन्सर शाईपर्यंत पोचलाय की अलीकडेच थांबलाय हे सूक्ष्मदर्शकातून दिसतं. रिपोर्टमध्ये दोन ओळी आधी शोधा: ग्रेड काय, म्हणजे कॅन्सर किती जहाल, आणि कडा स्वच्छ आहेत का. पहिल्या ग्रेडची, स्वच्छ कडांची गाठ असेल तर बहुतेकदा पुढे फक्त तपासण्या. ग्रेड वरचा असेल, लसिकाग्रंथीत पेशी सापडल्या, तर केमोथेरपीबद्दल बोलावं लागतं.

केमो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर माणसाचं हॉस्पिटल येतं. प्राण्यांत डोस असा ठेवतात की उरलेले दिवस बरे जावेत. रोग मुळासकट काढण्याच्या हट्टापायी त्याला आजारी पाडत नाहीत. एक-दोन दिवस उलटी-जुलाब, खाणं कमी, पांढऱ्या पेशी घसरणं हे होतं. केस बहुतेक कुत्र्यांचे जात नाहीत, पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात. मांजरींच्या मिशा गळतात. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस शी-शू उचलताना हातमोजे घाला, घरात गरोदर बाई असेल तर तिला लांब ठेवा.

सगळ्याच कॅन्सरवर चाकू हा पहिला उपाय नाही, हेही घरच्यांना सांगा. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ येते ती मिलनातून एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्यात जाऊन होते. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध दिलं की काही आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजल्या तर लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय घ्यायचा, त्यालाही औषधंच. तपासणीचा नमुना घेण्याआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. ग्रंथी दोन दिवसांत उतरतात, सगळे आनंदतात, पण निदान झाकलं जातं आणि पुढची केमो कमी लागू पडते.

ऑपरेशननंतर घरी: गळ्यातली शंकूसारखी कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस. 'बिचारीला त्रास होतो' म्हणून रात्री काढली की सकाळपर्यंत तिने टाके चाटून उघडलेले असतात. जखमेखाली मऊ, पाण्यासारखी सूज आली तर ते बहुतेक साठलेलं द्रव असतं; घरी पिळू नका, दाखवा. जिने चढणं, सोफ्यावर उड्या बंद. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलंच औषध. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

आता मांजर. तिला सडांच्या चार जोड्या, आणि तिथल्या गाठी दहापैकी साडेआठ-नऊ वेळा कॅन्सरच्याच. कुत्रीत आपण निम्मी आशा धरतो तशी इथे धरता येत नाही. म्हणून मांजरीत एक छोटी गाठ असली तरी बहुतेकदा त्या बाजूची पूर्ण ओळ काढतात, दोन्हीकडे असेल तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी. दोन सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठींत मांजरी वर्षानुवर्षं जगलेल्या आहेत, तीन सेंटिमीटर ओलांडल्यावर बहुतेकदा महिन्यांचाच हिशोब उरतो. मांजरीत इंजेक्शन दिलेल्या जागीही कॅन्सर होऊ शकतो; तिथे गाठ तीन महिने राहिली, दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, यांपैकी काहीही झालं तर तुकडा तपासायचा. ऑपरेशननंतर मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर वाट बघू नका, तिच्या लिव्हरमध्ये चरबी साचते. पॅरासिटामॉलची एक गोळीही तिला मारू शकते.

मांजरीची नसबंदी झाली नसेल आणि ती अजून लहान असेल तर पहिल्या माजाआधी करून घ्या, पुढचा बराचसा धोका तिथेच टळतो. मोठी असेल तर महिन्यातून एकदा पोटावरून दोन्ही ओळींत बोटं फिरवा, काखेपासून जांघेपर्यंत. तांदळाएवढा खडा लागला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या.