उणे चिन्ह आणि कीबोर्डवरची आडवी रेघ एकच आहे का?
नाही, उणे चिन्हाला (−) युनिकोडमध्ये (संगणकासाठी जगभरच्या अक्षर-चिन्हांना क्रमांक देणारी यादी) २२१२ हा स्वतंत्र हेक्स (सोळाच्या पायावरचा) क्रमांक आहे. कीबोर्डवरच्या रेघेचा (-) क्रमांक ००२डी. ही रेघ जुन्या अ‍ॅस्की या संगणकीय चिन्हांच्या संचातून आली. तिथे हायफन (शब्द जोडणारी रेघ) आणि उणे दोघांना मिळून एकच जागा होती, म्हणून युनिकोडने तिचं नावच ‘हायफन-मायनस’ ठेवलं. खरं उणे चिन्ह बहुतेक फॉन्टमध्ये अधिकच्या चिन्हाइतकं रुंद असतं आणि त्याच्याच उंचीवर बसतं. गणिताच्या पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत तेच हवं. आखूड रेघ मुलांच्या नजरेतून सहज निसटते. खरं उणे चिन्ह टाकायला विंडोजवरच्या वर्डमध्ये इंग्रजी अंकांत २२१२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. प्रोग्रॅम लिहिताना मात्र कीबोर्डवरचीच रेघ वापरा: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत वजाबाकीसाठी २२१२ वालं चिन्ह टाकलं तर सिंटॅक्स एरर (भाषेचे नियम मोडल्याची चूक) येते.