बारा लाखांच्या कोटेशनमध्ये आजीचा झोपाळा कुठेय?

वाकडहून एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. नवरा-बायको दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार दोघांचा मिळून १,५५,०००. सातव्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय, ५८ लाखांचं होम लोन, २० वर्षं, साडेआठ टक्के. फेब्रुवारीच्या शेवटी पझेशन. सध्या २२,००० भाड्याच्या घरात आहेत, मुलगी चार वर्षांची. घरखर्च, शाळा, गाडीचं पेट्रोल धरून ५५,००० जातात, एसआयपी १५,००० ची. हातात एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख, सेव्हिंग खात्यात पावणेदोन लाख. इंटिरियरवाल्याने १२ लाखांचं कोटेशन दिलंय. मिस्टरांचं म्हणणं पर्सनल लोन काढून एकदाच काय ते करून टाकू, इंटिरियरवाला म्हणतो होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच बँकेचं वाढीव कर्ज घ्या, हप्ता कमी बसेल आणि टॅक्स पण वाचेल. आणि ताईंनी शेवटी एक ओळ लिहिलीय, "मला घर असं हवंय की आत आल्यावर आजीच्या वाईच्या घरासारखं वाटलं पाहिजे, तिचा झोपाळा आणि शिसवी कपाट अजून काकांकडे पडून आहे."

ताई, खरं सांगू, मी आधी आकडेच बघत होतो. मग तुमची ती शेवटची ओळ वाचली आणि कोटेशन परत उघडलं. किचन २,८५,०००, वॉर्डरोब दोन मिळून २,६०,०००, हायड्रॉलिकवाले दोन बेड १,२०,०००, टीव्ही युनिट आणि वॉल पॅनेलिंग १,३५,०००, फॉल्स सीलिंग आणि लाइट १,३०,०००, क्रॉकरी युनिट शू रॅक वगैरे ९५,०००, देवघर ४५,०००, टेक्श्चर आणि वॉलपेपर ९०,०००, डिझाइन फी ४०,०००. झाले बारा लाख. यात झोपाळा कुठेय? कपाट कुठेय? तुमच्या आजीच्या घरातली एक वस्तू या यादीत नाहीये. थ्री-डी चित्रात जे दाखवलंय ना, राखाडी पॅनेल, त्यावर सोनेरी पट्टी, सीलिंगमध्ये लपवलेली लाइटची रेघ, ते तुमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या फ्लॅटमध्ये दिसेल. म्हणजे कर्ज काढून तुम्ही शेजाऱ्यांसारखं घर करणार, आणि स्वतःचं मन त्या झोपाळ्यात अडकलेलं.

आता पैशाचं बघू. पहिली गोष्ट, कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलंय. १८ टक्के. म्हणजे २,१६,००० वर, एकूण १४,१६,०००. तुम्ही आख्ख्या पत्रात बारा लाख धरून चाललाय.

पर्सनल लोन १४ लाख, १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरलं तर हप्ता ३१,१०० च्या आसपास आणि पाच वर्षांत व्याज ४.७ लाख. होम लोनचा हप्ता ५०,३०० आहे, दोन्ही मिळून ८१,४००, पगाराच्या निम्म्याहून जास्त. त्यातून घरखर्च आणि एसआयपी वजा केली तर महिन्याला हातात साडेतीन हजार उरतात, आणि हे भाडं थांबल्यावरचं सांगतोय. काम चालू असताना भाडं, होम लोन आणि हे लोन तिन्ही एकदम चालू असेल, तेव्हा दर महिन्याला अठरा हजार कमी पडतील. तुमचा इंटिरियरवाला साडेतीन महिने म्हणतोय, आणि सुतारकामाचे साडेतीन महिने म्हणजे किती हे पुण्यात घर केलेल्या कुणालाही विचारा.

टॉप-अपचं आकर्षण मला कळतं, ९ टक्के धरले आणि २० वर्षांची मुदत, तर १४ लाखांवर हप्ता फक्त १२,६०० येतो, बरं वाटतं ऐकायला. पण वीस वर्षांत तुम्ही भरणार ३० लाख २३ हजार. सोळा लाखांच्या वर व्याज, एका टीव्ही युनिटपायी आणि वॉलपेपरपायी, जे वीस वर्षांत किमान एकदा तरी उखडून फेकलेलं असेल. तेच टॉप-अप पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता २९,००० होतो, म्हणजे पर्सनल लोनपेक्षा दोनच हजार कमी. टॉप-अपचा हप्ता हलका वाटतो तो मुख्यतः मुदत लांबवल्यामुळे, व्याजदराचा वाटा त्यात थोडाच आहे, हे कुणी सांगत नाही.

आणि टॅक्स. मिस्टर नव्या रेजिममध्ये आहेत असं तुम्ही लिहिलंय, तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, विषय संपला. तुम्ही जुन्या रेजिममध्ये असाल तरी तुमची मर्यादा २ लाखांची, आणि घराच्या सुधारणेसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला त्यातलेच ३०,००० फक्त, सोफा-बेडसारख्या फर्निचरला तेही नाही. तुमच्या ५८ लाखांच्या लोनवर पहिल्याच वर्षी व्याज ४.९ लाख होतंय, दोघांत निम्मं वाटलं तरी तुमच्या वाट्याने ती मर्यादा आधीच भरली. भरलेल्या घागरीत अजून पाणी ओतायचा सल्ला आहे हा.

मी काय करेन ते सांगतो, पटलं तर बघा.

किचन आत्ता करा, चांगलं करा. त्याशिवाय राहायला जाता येत नाही आणि रोज शंभर वेळा उघड-बंद होणारी वस्तू आहे. पण पैसा आत घाला, बाहेर नको. सिंकखालचा भाग आणि सगळे बॉक्स बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या मरीन प्लायचे, कोटेशनमध्ये आयएस ७१० हा त्या प्लायचा मानक नंबर आणि प्लायची कंपनी लिहून घ्या, नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" चालणार नाही. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या, आणि बिजागऱ्यांची कंपनी पण लिहून घ्या. चकचकीत ॲक्रिलिकच्या दारांऐवजी साधं मॅट लॅमिनेट घेतलं तर जो फरक पडतो तो चॅनेलमध्ये घाला. रविवारी नको, वर्किंग डेला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला चक्कर मारा दोघं, अठरा एमएमच्या शीटचा भाव तिथे विचारला की कोटेशनमधला कुठला आकडा फुगवलाय हे आपोआप कळतं.

वॉर्डरोब फक्त तुमच्या बेडरूमचा करा, दोन लाख साठमधला दीड लाखांचा. मुलगी चार वर्षांची आहे, ती अजून तुमच्याचजवळ झोपते असं तुम्हीच लिहिलंय, मग तिच्या खोलीतला वॉर्डरोब आणि हायड्रॉलिक बेड आत्ता कोणासाठी? ती आठ-नऊ वर्षांची झाली की तिला विचारून करा, तेव्हा तिची स्वतःची आवड असेल. आज गुलाबी परी लावाल, ती उद्या म्हणेल मला क्रिकेटचं हवंय. तुमचा जुना बेड तुमच्याच खोलीत चालेल आणि भाड्याच्या घरातलं लोखंडी कपाट त्या खोलीत मस्त बसेल.

म्हणजे किचन आणि एक वॉर्डरोब, ४,३५,०००, जीएसटी धरून ५,१३,०००. याशिवाय जे कोटेशनमध्ये नाही आणि तरी लागणारच आहे ते मी धरतो, सेफ्टी ग्रिल, डासांच्या जाळ्या, गिझर, पंखे, साधे लाइट, पडद्यांचे रॉड, इन्व्हर्टर. दर घरात हेच राहून जातं आणि शेवटी क्रेडिट कार्डवर येतं. साधारण १,४०,०००. आणि ६०,००० तुमच्या आजीसाठी बाजूला. एकूण ७ लाख १३ हजार.

हे आणायचं कुठून? एफडीला हात लावायचा नाही. तुमचा महिन्याचा अटळ खर्च आता १,०५,००० होणार, म्हणजे ६ लाख म्हणजे जेमतेम पावणेसहा महिने, दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर तेवढंच आहे. म्युच्युअल फंडातून ४ लाख काढा. मला हे आवडत नाहीये, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले आहेत, पण १२ टक्क्यांचं व्याज नक्की जाणार आणि फंडाचा परतावा काही नक्की नसतो, म्हणून कर्जापेक्षा हे बरं. फक्त एकदम काढू नका. आधी घेतलेली युनिट्स आधी विकली जातात, तुमची एसआयपी २०१८ पासूनची, म्हणजे विकलेल्या रकमेत नफ्याचा भाग मोठा असेल, अर्ध्याच्या वर धरा. इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला १,२५,००० पर्यंत टॅक्स नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. तर २ लाख ३१ मार्चच्या आत काढा आणि २ लाख एप्रिलमध्ये. दोन आर्थिक वर्षं झाली, टॅक्स बहुतेक शून्य. पझेशन फेब्रुवारीत आहे, वेळ अगदी जुळून आलीय, काढण्याआधी स्टेटमेंटमध्ये नफ्याचा आकडा तेवढा बघा. ४ लाख हे, सेव्हिंगमधले दीड लाख, आणि मिस्टरांचा बोनस दर एप्रिलला दीड लाखांच्या आसपास येतो म्हणालात, झाले सात. उरलेले दहा-तेरा हजार पगारातून निघतील. बोनस कमी आला तर इन्व्हर्टर थांबेल, दुसरं काही नाही. कर्ज एक रुपयाचं नाही.

एवढंच काम दीड महिन्यात होतं, साडेतीन नाही. म्हणजे दोन महिन्यांचं भाडं वाचलं, ४४,०००. आणि राहायला गेल्यावर भाड्याचे २२,००० सुटतात त्यातले १०,००० एसआयपीत वाढवा, चाळीस महिन्यात काढलेले चार लाख परत जागेवर.

मिस्टरांचा मुद्दा मला माहितेय, राहायला गेल्यावर परत सुतार, परत धूळ, कोण सहन करणार. बरोबर आहे, त्रास होतोच. तरी टीव्हीची भिंत, सीलिंग, वॉलपेपर हे सगळं मी एक पावसाळा थांबवायला सांगतोय त्याला कारण आहे. नव्या बिल्डिंगची ओल कुठून येते हे जुलैशिवाय कळत नाही. रेरा कायद्याने पझेशनपासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते, पण भिंतीवर पॅनेल चढवलं की ओल दिसतच नाही, आणि जेव्हा दिसते तेव्हा बिल्डरचा माणूस सरळ म्हणतो तुमच्या सुताराने ड्रिल मारलं त्याने झालं. माझ्या स्वतःच्या घरात २०१२ साली मी हौसेने हॉलभर पीओपी केलं होतं, दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्यांच्या बाथरूमचं पाणी त्यातून टपकायला लागलं आणि शोध घेण्यासाठी निम्मं सीलिंग फोडावं लागलं. आणि टीव्ही युनिटमध्ये बत्तीस इंची टीव्हीच्या मापाची खाच करून घेतली होती, ती खाच अजून आहे, तिच्यात आता बायकोने मनी प्लांट ठेवलाय.

तुमचा वॉर्डरोब पण बाथरूमच्या भिंतीला टेकवलेला दाखवलाय प्लॅनमध्ये, तो समोरच्या भिंतीला घ्या, नाहीतर ओल आली की शालूंना बुरशी लागेल.

आता ते ६०,०००, ज्यात खरं तुमचं घर आहे. काकांकडून झोपाळा आणि कपाट टेम्पोने आणायचा खर्च, कपाटाला पॉलिश, झोपाळ्याच्या पितळी कड्या. आजीची भांडी असतील, घंगाळ, हंडा, समई, तर ती कसब्यातल्या तांबट आळीत नेऊन उजळून घ्या, नव्या "अँटिक" शोपीसपेक्षा स्वस्तात काम होईल. आजीच्या इरकली लुगड्यांच्या उशांचे अभ्रे शिवून घेता येतील, शिलाईचाच खर्च. देवघर तर नव्याने करूच नका, आजीचं लाकडी असेलच कुठेतरी माळ्यावर, काकूंना विचारा. एखादा जुना पाट, कंदील हवा असेल तर रविवारी जुन्या बाजारात फिरा, घासाघीस करून. हे सगळं एकदम जमायला पण नको, महिन्याला ३,००० ची आरडी लावा नुसत्या घराच्या नावाने आणि वर्षाने त्यात जे जमेल त्याचं दिवाळीत ठरवा. तोवर तुम्हाला कळलेलं असेल संध्याकाळी ऊन कुठे येतं, मुलगी कुठे पसरते, सासूबाई आल्या की कुठे बसतात.

झोपाळ्याचं एक, कड्या टांगायच्या आधी बिल्डरकडून लेखी विचारा स्लॅबला कुठे भोक पाडायचं. तुमची बिल्डिंग मायवानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली असेल तर भिंती पण काँक्रीटच्या असतात, फोडायच्या नाहीत, आणि इलेक्ट्रिकचे पॉइंट हलवायचे तर ते पण महाग पडतं, म्हणून प्लग कुठे आहेत ते बघूनच किचनचं माप द्या. फॉल्स सीलिंगला तर झोपाळा टांगता येतच नाही, तो स्लॅबलाच हवा, म्हणजे ते १,३०,००० चं सीलिंग तसंही झोपाळ्याच्या आड येत होतं.

इंटिरियरवाल्याला आता जाऊन सांगा की काम दोन टप्प्यात, पहिल्यात किचन आणि एक वॉर्डरोब, आणि त्याने मागितलेला पन्नास टक्के ॲडव्हान्स देऊ नका, वीस द्या, बाकी माल साइटवर उतरल्यावर, बॉक्स बसल्यावर, आणि दहा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. तो नाराज होईल, डिझाइन फी वेगळी मागेल, ती थोडी द्या, त्याने ड्रॉइंगवर मेहनत घेतलीय.

आणि वाईला टेम्पो पाठवायच्या आधी ते शिसवी कपाट मोजा, लिफ्टचं दार मोजा. जुनी कपाटं बऱ्याचदा खिट्ट्यांवर बांधलेली असतात, सुट्टी होतात, पण ते उलगडणारा सुतार वाईतलाच बघा, इकडच्याला जमणार नाही.