शहरात चालण्याचं आणि सायकलींचं जाळं आखताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की, "आमच्या शहरात पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांसाठी आराखडा होतोय, नागरिकांकडून सूचना मागवल्यात, तर काय सुचवावं?" मी पुण्याची. शाळेपासून सायकल चालवतेय आणि गेली काही वर्षं सासूबाईंना हाताला धरून फुटपाथवरून नेतेय. दोन्हीतून एकच गोष्ट पक्की कळली: जाळं टिकतं ते गाठींवर. शहराच्या जाळ्यातल्या गाठी म्हणजे चौक, फाटकं, बसथांबे, पुलांची टोकं. तेव्हा किती किलोमीटर होणार हे विचारण्याआधी किती ठिकाणी तुटणार ते विचारा.

पुण्यात २००६ साली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, तेव्हा सातारा रस्त्यासारख्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ८२४ किलोमीटरचा सायकल आराखडा मंजूर झाला. कागदावर तो चांगलाच आहे, मी तो आपुलकीने वाचलाय. पण प्रत्यक्षात ट्रॅकवरून जाताना काय होतं? दोनशे मीटर बरं चालतं, मग डीपीचा खांब येतो, मग बसथांबा, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. म्हणजे जिथे वळणारी वाहनं अंगावर येतात आणि आधार सगळ्यात जास्त हवा असतो, नेमकं तिथेच सायकलवाल्याला रस्त्यावर सोडून दिलेलं असतं. त्यात ट्रॅकला पेव्हर ब्लॉक. शेजारी गुळगुळीत डांबरी रस्ता असताना ब्लॉकवरून हाडं खिळखिळी करत कोण जाईल? मग "लोक ट्रॅक वापरतच नाहीत" असं म्हटलं जातं आणि तिथे गाड्या लागतात.

याच्या उलट उदाहरण स्पेनमधल्या सेव्हिया शहराचं. तिथे २००६-०७ च्या सुमारास सुमारे ८० किलोमीटरचं जाळं जवळपास एका दमात बांधलं आणि पहिल्यापासून एकमेकांना जोडलेलं ठेवलं. जागा बऱ्याच ठिकाणी गाड्या लावायच्या पट्ट्यातून काढली. त्याआधी तिथे सायकली नगण्य होत्या, काही वर्षांत त्या कित्येक पटींनी वाढल्या. आपल्याकडे मात्र ज्या रस्त्याचं काम निघेल तिथे तुकडा बांधायचा, अशी रीत आहे. दहा ठिकाणी दहा तुकडे बांधण्यापेक्षा एका शाळेपासून एका वस्तीपर्यंतचा एकच रस्ता सलग झाला, तर मूल खरोखर सायकलने शाळेत जाईल. भाड्याच्या सायकलींचंही तेच झालं. २०१७ च्या डिसेंबरात त्या पुण्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात आल्या, लोकांनी हौसेने चालवल्या आणि दोनेक वर्षांत रस्त्यावरून नाहीशाही झाल्या. कारणं अनेक असतील, पण सायकल आली आणि वाट आली नाही, हे माझ्या मते मोठं कारण.

आता चालणाऱ्यांचं. आमच्या घरापासून बँक जेमतेम चारशे मीटरवर. त्या वाटेत फुटपाथ अकरा वेळा उतरतो आणि चढतो, कारण प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी तो कापलाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या सरळ रस्त्याच्या कडेने चालतात, आणि मागून हॉर्न वाजला की माझा जीव घाबरा होतो. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे दोन आकडे तोंडपाठ करा आणि टेप घेऊन बाहेर पडा. फाटकाशी फुटपाथ खाली न आणता गाडीनेच छोटा चढ चढून आत जावं, हा आग्रह धरा. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याची नवी रचना जाऊन बघा. तिथे झाडं, खांब, बाकं एका पट्ट्यात घेतलीत, त्यामुळे चालायचा पट्टा सरळ राहतो. पथारीवाल्यांनाही अशाच पट्ट्यात हक्काची जागा द्या. त्यांना हाकलून फुटपाथ मोकळा होत नाही. आठ दिवसांत तिथे दुचाक्या लागतात, आणि संध्याकाळी बायकांना ज्या वर्दळीचा आधार वाटतो तीही जाते.

सिग्नलकडे कुणी फारसं बघत नाही, तुम्ही जरूर बघा. चालणाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचा हिशोब साधारण सेकंदाला १.२ मीटर या वेगाने करतात. २४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशोबाने २० सेकंद झाले. सासूबाईंचा वेग मी मोजलाय, तो ०.८ मीटर भरतो, म्हणजे त्यांना ३० सेकंद लागतात. ते दहा सेकंद वाढवायला फारसा खर्च नाही. ते जमत नसेल तर दुभाजकात थांबायला नीट जागा तरी हवी.

आराखड्यासाठी पाहणी कधी करतात, हेही विचारा. सकाळी दहाला चौकात उभं राहिलं तर सायकली दिसणारच नाहीत. पहाटे पेपर टाकणारी मुलं, पाळी संपवून परतणारे वॉचमन, सातच्या आत कामावर पोचणारे मजूर, हे तोवर निघून गेलेले असतात. त्यांची मोजणी झाली नाही तर नदीकाठी रविवारच्या फेरफटक्यासाठी ट्रॅक होतो आणि रोजच्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही.

पैशाचं म्हणाल, तर चेन्नईने २०१४ च्या धोरणात वाहतुकीच्या निधीपैकी किमान ६० टक्के चालणं-सायकलींसाठी ठेवायचं ठरवलं होतं. तुमच्या आराखड्यात असा आकडा लिहून घ्या. शिवाय पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. तुमच्याकडे तशी सोय असेल तर "परिसरात फुटपाथ करावा" असं मोघम लिहू नका. "अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक बसथांब्यापर्यंत, तीन ठिकाणी तुटलेला" असं लिहा, फोटो जोडा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. पहिला फोटो शाळा सुटायच्या वेळेचा असू द्या.